ताप उतरतो त्या दिवशी

ऑक्टोबर 1996 मध्ये मी दिल्लीत केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात संचालक होतो. त्या वर्षी राजधानीत डेंग्यूची जी साथ उसळली, तिची नोंद पुढे दहा हजारांहून अधिक रुग्ण आणि 423 मृत्यू अशी झाली. माझ्या कक्षाबाहेर बसणारा शिपाई चार दिवस रजेवर होता, कारण त्याचा सहा वर्षांचा मुलगा तापाने फणफणला होता. पाचव्या दिवशी सकाळी तो वेळेवर हजर झाला. ‘‘ताप गेला, साहेब. अंग अगदी गार लागतंय,’’ असे तो म्हणाला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जागरणाचा थकवा होता, पण सुटकेची भावनाही होती. मी ‘बरे झाले’ म्हणालो आणि त्याच्या हाती फायलींचा गठ्ठा ठेवला. दुपारी शेजाऱ्याने कार्यालयात दूरध्वनी करून त्याला बोलावून घेतले. मुलगा त्याच रात्री दगावला.

त्या दिवशी माझ्या टेबलावर साथनियंत्रणासाठी झालेल्या बैठकीचे इतिवृत्त होते. सरकारी वसाहतींतील पाण्याच्या टाक्या, कूलर आणि धूरफवारणीचे वेळापत्रक हा भाग मीच तपासला होता. तापातून उठलेल्या मुलाचे अंग गार लागणे हे कशाचे लक्षण असू शकते, याविषयी त्यात एक ओळही नव्हती. मला ते ठाऊक नव्हते. बैठकीला बसलेल्या बिगरवैद्यकीय अधिकाऱ्यांपैकी कोणाला ठाऊक असेल, असेही मला वाटत नाही.

मी डॉक्टर नाही. इतिहासात एम. ए. केले आणि मग पस्तीस वर्षे प्रशासनात काढली. निवृत्तीनंतर हाती वेळ आला, तेव्हा डेंग्यूविषयीच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिका मी एखाद्या जुन्या दफ्तराप्रमाणे वाचून काढल्या आणि बालरोगतज्ज्ञांना शंका विचारून बराच त्रास दिला. त्यातून जे उमगले ते पुढे मांडतो आहे. एखाद्या मुलावर कोणते उपचार करावेत हे त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायचे. माझा विषय आहे तो शासनाने काय पाहावे आणि काय मोजावे, हा.

डेंग्यूचे वैशिष्ट्य असे की, तो आपल्या पिढ्यान् पिढ्यांच्या समजुतीच्या उलट वागतो. ताप चढला की धोका आणि उतरला की सुटका, हे गणित आपल्या अंगवळणी पडले आहे. डेंग्यूत पहिले दोन ते सात दिवस ताप असतो. तो एकदम चढतो आणि बऱ्याचदा 39-40 अंश सेल्सियसपर्यंत जातो. त्रास होतो, पण या दिवसांत सहसा जीव जात नाही. कसोटीचा काळ येतो तो ताप उतरू लागतो तेव्हा, म्हणजे साधारणतः तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. काही मुलांत या वेळी सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होतात आणि रक्तातील द्रव भाग झिरपून पोटाच्या व छातीच्या पोकळीत उतरू लागतो. बाहेर रक्ताचा थेंबही दिसत नाही, पण आतले रक्त घट्ट होत जाते, त्याचे आकारमान घटते आणि अवयवांना ते पुरेनासे होते. ही गळती 24 ते 48 तास चालते व नंतर आपोआप थांबते. बहुसंख्य मुलांत ती होतच नाही. ताप उतरतो, मूल खायला मागते आणि आजार संपतो. ज्या थोड्यांत ती होते, त्यांना या दोन दिवसांतून पार नेणे म्हणजेच डेंग्यूचा उपचार. विषाणूला मारणारे औषध आजही उपलब्ध नाही.

मोठ्या माणसात हा आजार ओळखणे तुलनेने सोपे असते. हाडे मोडल्यासारखी दुखतात, डोळ्यांच्या खोबणीमागे ठणका लागतो आणि तो ते सांगू शकतो. दीड वर्षाचे मूल यातले काही सांगत नाही. ते किरकिर करते, दूध नाकारते, उलट्या करते, आईला चिकटून राहते. त्याचा चेहरा लालसर दिसतो, क्वचित तापात झटका येतो. अशा मुलाला पावसाळ्यानंतरच्या दिवसांत ‘व्हायरल’ म्हणून तापाचे औषध देऊन घरी पाठवले जाते आणि शंभरातल्या बहुतेकांच्या बाबतीत तो निर्णय बरोबरही ठरतो. म्हणून पहिल्या दिवशी निदान झाले नाही याबद्दल मी गावातल्या डॉक्टरला दोष देणार नाही. ‘ताप उतरला तरी दोन दिवस मला मूल दाखवा’ एवढे वाक्य त्याने उच्चारले की नाही, हा माझा प्रश्न आहे.

धोक्याच्या खुणा अवघड नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली आजाराचे वर्गीकरण बदलले, तेव्हा या खुणांना त्यात मध्यवर्ती जागा दिली. पोटात सतत दुखणे, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, मूल सुस्त पडणे किंवा उलट विनाकारण अस्वस्थ होणे, पोट वा छाती पाण्याने भरल्याची चिन्हे, यकृत वाढणे; आणि तपासणीत रक्ताचा घट्टपणा वाढत असताना प्लेटलेट वेगाने घसरणे. यातल्या बऱ्याचशा गोष्टी आईला डॉक्टरच्या आधी कळतात. सहा तासांत लघवी झालेली नाही हे कोणत्याही यंत्राआधी तिलाच समजते. हातपाय गार, अंगठ्याचे नख दाबून सोडले की दोन सेकंदांत लाली परत येत नाही, त्वचेवर ठिगळांसारखे पांढरट डाग दिसतात, म्हणजे रुग्णालय गाठण्याची वेळ झाली. माझ्या शिपायाने मला सकाळी जे सांगितले होते, ते याच यादीतले लक्षण असावे असे मला आज वाटते.

एका बालरोगतज्ज्ञाने मला समजावून सांगितलेली गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली आहे. लहान मुलाचे शरीर शॉकशी फार चिवटपणे झुंजते. आतले रक्त घटू लागले की हातापायांच्या वाहिन्या आवळून ते मेंदूला आणि हृदयाला पुरवठा चालू ठेवते. त्यामुळे मूल शुद्धीवर असते, प्रश्नांची उत्तरे देते, कधी पाणी मागते. रक्तदाबाचा वरचा आकडाही खाली येत नाही. वाढतो तो खालचा. समजा नोंद आली 100 आणि 85. कागदावर पाहणाऱ्याला वरचा आकडा ठीकच वाटतो. पण दोन आकड्यांतले अंतर 20 किंवा त्याहून कमी झाले, तर ते मूल शॉकमध्ये आहे असे समजायचे असते. वरचा आकडा कोसळतो तो अगदी शेवटी, आणि तेव्हा हाताशी काही मिनिटेच उरतात. म्हणजे ज्या मुलाकडे पाहून परिचारिका ‘हा तर बोलतोय’ म्हणून पुढच्या खाटेकडे वळते, तेच मूल कदाचित वॉर्डातले सर्वांत आजारी मूल असते.

हे अंतर मोजायला मुलांच्या दंडाच्या मापाचा पट्टा लागतो. मोठ्यांचा पट्टा लहान दंडावर नीट बसत नाही आणि बसवला तरी खरा आकडा देत नाही. निवृत्तीनंतर मी उत्तरेतील ज्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत गेलो, तिथे हा पट्टा आहे का, असे हटकून विचारत असे. एका ठिकाणी तो होता. कपाटात, मूळ वेष्टनात, किल्ली रजेवर गेलेल्या फार्मासिस्टकडे. त्याच आवारात धूरफवारणीची दोन यंत्रे मात्र चकचकीत अवस्थेत उभी होती. तक्रार म्हणून हे सांगत नाही. धूर मतदाराला दिसतो, नगरसेवकाला दिसतो, छायाचित्रात दिसतो. मीही जिल्हाधिकारी असताना साथीच्या बातम्या येताच आधी धूरच सोडायला सांगितला होता. ज्या ईडिस डासामुळे हा आजार पसरतो तो दिवसा चावतो आणि घरातल्या कूलरमध्ये, पिंपात, कुंडीखालच्या ताटलीत वाढतो, हे मला तेव्हाही कोणीतरी सांगितले होते.

दुसरी मोजणी रक्ताच्या घट्टपणाची, म्हणजे हिमॅटोक्रिटची. शंभर भाग रक्तात तांबड्या पेशी किती भाग आहेत, हे तो आकडा सांगतो. द्रव झिरपला की हा आकडा वर चढतो. मुळापेक्षा 20 टक्क्यांनी चढला, तर गळती लक्षणीय आहे. इथे आपल्या देशाची एक खास अडचण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी 67 टक्के रक्तक्षयी आढळली. अशा मुलाचा मुळातला हिमॅटोक्रिट 30 असू शकतो. गळती सुरू झाली आणि तो 36 वर गेला, म्हणजे नेमकी 20 टक्के वाढ झाली. पण प्रयोगशाळेच्या छापील कागदावर 36 हा आकडा ‘सामान्य’ या रकान्यात बसतो आणि डॉक्टर निश्चिंत होतो. याचा अर्थ एकच अहवाल निरुपयोगी. तापाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतला एक आकडा हाती असला तरच नंतरच्या आकड्याला अर्थ येतो. एक साधे सेंट्रिफ्यूज, काचेची केसासारखी नळी आणि बोटातून घेतलेले दोन थेंब रक्त एवढ्यावर ही तपासणी होते. सुपोषित मुलांच्या देशात बसवलेले निकष कुपोषित मुलांना लावले की काय होते, याचे याहून बोलके उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

तान्ह्या बाळांचे प्रकरण आणखी वेगळे आहे. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकाचा संसर्ग होऊन गेला की त्या प्रकारापासून दीर्घ संरक्षण मिळते; मात्र दुसऱ्या प्रकाराने गाठले तर जुनी प्रतिपिंडेच कधी कधी विषाणूला पेशींत शिरायला मदत करतात आणि आजार उग्र होतो. आईला पूर्वी डेंग्यू झालेला असेल तर तिची प्रतिपिंडे बाळाला मिळतात. काही महिन्यांनी ती विरळ होतात, संरक्षण देण्याइतकी उरत नाहीत, पण घात करण्याइतकी उरतात. म्हणून साधारण चार ते नऊ महिन्यांच्या बाळाला पहिल्याच संसर्गात गंभीर डेंग्यू होऊ शकतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017-18 च्या देशव्यापी पाहणीत 9 ते 17 वयोगटातील 41 टक्के मुलांच्या आणि 18 ते 45 वयोगटातील 56 टक्के लोकांच्या रक्तात डेंग्यूची प्रतिपिंडे आढळली. दक्षिणेत तर सर्व वयोगट मिळून हे प्रमाण 77 टक्क्यांच्या आसपास होते. आजच्या बहुतेक माता कोणत्या गटात आहेत हे सांगायला नको.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला प्रश्न पडतो तो असा की, इतका जुना परिचय असलेल्या आजाराकडे आपले प्रशासन इतक्या बेफिकिरीने का पाहत आले? मद्रासमध्ये 1780 च्या सुमारास डेंग्यूसदृश साथीचा उल्लेख आढळतो. 1824 मध्ये, इंग्रज-बर्मी युद्ध सुरू झाले त्या साली, रंगून आणि कलकत्त्यात अशा तापाची मोठी साथ आली. वासाहतिक वैद्यकाने या आजाराची नोंद हाडे मोडणारा पण जीव न घेणारा ताप अशी केली. सैन्य आठवडाभर आडवे होई, कचेऱ्या रिकाम्या पडत आणि पुन्हा सारे सुरळीत चाले. पटकी आणि प्लेग यांच्या शेजारी हा ताप गंभीर वाटणे शक्यच नव्हते. दुसऱ्या महायुद्धात अल्बर्ट सेबिन यांनी कलकत्त्यात आजारी पडलेल्या अमेरिकी सैनिकांच्या रक्तातून विषाणू वेगळा केला, तोही सैन्याचे मनुष्यदिवस वाया जात होते म्हणून.

पुढे आजार बदलला, नोंद मात्र तीच राहिली. 1953-54 मध्ये मनिलात आणि 1958 मध्ये बँकॉकमध्ये मुले रक्तस्राव व शॉकने दगावू लागली. भारतात 1963 साली कलकत्त्यात हाच नवा अवतार दिसला. तरीही ‘डेंग्यूने सहसा कोणी मरत नाही’ हे वाक्य मी 1996 मध्येही एका फायलीवर वाचले आहे. सरासरीच्या अर्थाने ते खरे आहे आणि म्हणूनच घातक आहे.

बँकॉकची हकिगत सांगण्यासारखी आहे. 1958 च्या साथीत तिथे रुग्णालयात आलेल्या दर शंभर मुलांतील दहाहून अधिक मुले दगावली. तिथल्या बालरुग्णालयात डॉ. सुचित्रा निम्मानित्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे खाटेशेजारी बसून पाहिले की, मूल नेमके कोणत्या तासाला ढासळते. ताप उतरण्याची वेळ, नाडी, दोन रक्तदाबांतले अंतर, हिमॅटोक्रिट आणि लघवी यांचा तक्ता त्यांनी तयार केला आणि त्या तक्त्यावर नजर ठेवून सलाइन तासातासाला कमी-जास्त करण्याची पद्धत बसवली. सलाइन कमी पडले तर मूल शॉकने जाते. ते भसाभस दिले, किंवा गळती थांबल्यानंतरही चालू ठेवले, तर झिरपलेला द्रव रक्तात परतताना फुप्फुसे पाण्याने भरतात. बाहेरून नवे औषध आले नाही, अतिदक्षता विभागांची रांग उभी राहिली नाही. पाहणे शिस्तीत आले. थायलंडमधील मृत्युदर शंभरात एकाच्याही खाली गेला. त्या निरीक्षणांवर जागतिक आरोग्य संघटनेची जुनी मार्गदर्शक तत्त्वे बेतलेली होती आणि आपल्या देशातल्या अनेक बालरोगतज्ज्ञांनी हा धडा तिथेच जाऊन गिरवला. तो आपल्या मोठ्या रुग्णालयांत पोहोचलाही आहे. विकासखंडाच्या पातळीवर, जिथे रात्री अकरा वाजता एकच परिचारिका तीस खाटा पाहते, तिथे तो पोहोचलेला नाही.

ऑगस्ट 2021 च्या उत्तरार्धात उत्तर प्रदेशातील फिरोजाबाद जिल्ह्यातून मुलांच्या मृत्यूंच्या बातम्या येऊ लागल्या. काचेच्या बांगड्यांचे हे शहर. कोविडची दुसरी लाट ओसरून जेमतेम दोन-तीन महिने झाले होते आणि देश तिसऱ्या लाटेत मुलांचे काय होईल या चिंतेत होता. वृत्तपत्रांनी या आजाराला ‘गूढ ताप’ म्हटले. आठवीपर्यंतच्या शाळा बंद झाल्या, केंद्राचे पथक आले. घरोघरी साठवलेल्या पाण्यात ईडिसच्या अळ्या आढळल्या. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने स्पष्ट केले की, फिरोजाबाद, मथुरा आणि आग्रा येथील मृत्यूंमागे डेंग्यूच्या विषाणूचा दुसरा प्रकार आहे. काही रुग्णांत स्क्रब टायफस आणि लेप्टोस्पायरोसिसही सापडले. तोवर एकट्या फिरोजाबादमध्ये पन्नासहून अधिक जीव गेल्याच्या बातम्या होत्या आणि त्यांत बहुसंख्य मुले होती. पावसाळा सरताना, उत्तर भारतात, मुलांना ताप, उलट्या, पोटदुखी आणि ताप उतरताच कोसळणे, यात गूढ काय होते, हे मला अजून कळलेले नाही.

त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट नंतर घडली. केंद्र सरकारच्या अधिकृत तक्त्यात 2021 सालासाठी संपूर्ण उत्तर प्रदेशातील डेंग्यूचे मृत्यू तिसाच्या आत दाखवलेले आहेत. कोणी आकडे दडवले, असा आरोप मी करत नाही. यंत्रणा कशी चालते हे मला आतून ठाऊक आहे. सरकारी हिशेबात डेंग्यू ठरायचा तर नमुना निर्धारित रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत जाऊन एलायझा पद्धतीने तपासला गेला पाहिजे. पहिल्या पाच दिवसांत एनएस-1 आणि त्यानंतर आयजीएम. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने तयार केलेले आयजीएमचे संच देशभर याच कामासाठी जातात आणि अशी रुग्णालये 2007 मधील 110 वरून आता आठशेच्या पुढे गेली आहेत. ही व्यवस्था चांगली आहे. खासगी दवाखान्यातील पट्टीवरची झटपट चाचणी ती संशयित मानते, त्यालाही शास्त्रीय कारण आहे. पण जे मूल गावातल्या बोगस डॉक्टरकडून तालुक्याला आणि तिथून आग्र्याच्या वाटेवर गेले, त्याचा नमुना कोणी घेतला? नमुना नाही म्हणून निदान नाही, निदान नाही म्हणून मृत्यू डेंग्यूचा नाही. 2006 ते 2012 या काळाचा अभ्यास करून 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने अंदाज बांधला होता की, देशात डॉक्टरांनी डेंग्यू म्हणून निदान केलेले रुग्ण सरकारी नोंदीच्या सुमारे 282 पट असावेत. हा पट थोडाफार इकडेतिकडे झाला, तरी 2023 चे 2,89,235 रुग्ण आणि 485 मृत्यू हे अधिकृत आकडे कसे वाचायचे, याची कल्पना त्यावरून येते.

शिवाय एलायझाची चाचणी साथ मोजण्यासाठी आहे, मूल वाचवण्यासाठी नाही. प्रयोगशाळा पुरेसे नमुने जमेपर्यंत थांबते, अहवाल दोन-तीन दिवसांनी येतो आणि कसोटीचे 48 तास तोवर उलटून गेलेले असतात. राष्ट्रीय सूचनाही हेच सांगतात की, संशय असेल तर अहवालाची वाट न पाहता देखरेख सुरू करा. प्रत्यक्षात ‘रिपोर्ट येऊ द्या’ हे वाक्य वॉर्डावॉर्डांत ऐकू येते.

आणि मग प्लेटलेट. डेंग्यू म्हटले की मध्यमवर्गाच्या मनात हा एकच आकडा येतो. पपईच्या पानांचा रस, किवी, बकरीचे दूध यांचे भाव हंगामात चढतात. नातेवाईक रक्तपेढ्यांसमोर रात्री काढतात. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये प्रयागराजमध्ये प्लेटलेटच्या पिशवीत मोसंबीचा रस विकल्याचा आरोप झाला. तो रस नव्हता, नीट न साठवलेल्या प्लेटलेट होत्या, असे नंतर प्रशासनाने सांगितले, जणू त्याने कोणाचे समाधान व्हावे. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट दहा हजारांच्या खाली गेल्याशिवाय त्या चढवण्याचे कारण नाही. रक्तस्राव नसताना खबरदारी म्हणून त्या दिल्याने लाभ होत नाही, हे सिंगापूर व मलेशियातील प्रौढ रुग्णांवरील चाचणीतून 2017 मध्ये दिसले. प्लेटलेटची घसरण ही आजार पुढच्या टप्प्यात शिरल्याची सूचना आहे, एवढाच तिचा मुख्य उपयोग. मूल बहुतांश वेळा मरते ते गळतीने. चाळीस हजार प्लेटलेट पाहून आक्रोश करणारे कुटुंब 100/85 च्या नोंदीकडे ढुंकूनही पाहत नाही, कारण ती कोणी त्यांना समजावून सांगितलेली नसते. आणि पिशवी विकता येते, दर तासाला नाडी पाहणे विकता येत नाही. तापावर पॅरासिटामॉलखेरीज आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड देऊ नये, हे सांगणे तर याहून स्वस्त आहे. तरीही मुलांच्या तापासाठी अशी औषधे दुकानातून सर्रास विकली जातात.

लशीचा विषय थोडक्यात सांगतो. फिलिपिन्सने 2016 मध्ये आठ लाखांहून अधिक मुलांना पहिली लस टोचली आणि ज्यांना आधी डेंग्यू झालेला नव्हता त्यांच्यात ती पुढचा आजार उग्र करू शकते, असे 2017 मध्ये उघड झाले. आपल्याकडे स्वदेशी लशीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी ऑगस्ट 2024 मध्ये रोहतकला सुरू झाली. तीत 10,335 निरोगी प्रौढ आहेत. मुलांपर्यंत पोहोचायला तिला अवकाश आहे. तोवर जे करायचे ते देखरेखीनेच करायचे आहे.

त्यासाठी नवी योजना हवी, असे मला वाटत नाही. तापाच्या रुग्णांची घरोघर नोंद करणारी आशा कार्यकर्ती आहे, बालमृत्यूंचा आढावा घेण्याच्या राष्ट्रीय सूचना 2014 पासून आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत. त्यांना एवढेच सांगायचे आहे की साथीच्या चार महिन्यांत तापाच्या प्रत्येक मुलाच्या घरी ताप उतरला त्या दिवशी आणि त्यानंतर सलग दोन दिवस जा. लघवी, उलटी, पोटदुखी, हातपाय, एवढे पाच मिनिटांत पाहा. केंद्रात मुलांचा पट्टा कपाटाबाहेर ठेवा आणि हिमॅटोक्रिटचा पहिला आकडा तापातच नोंदवून आईच्या हाती द्या. तापाने गेलेल्या प्रत्येक मुलाच्या मृत्यूचा आढावा, नमुना असो वा नसो, जिल्हाधिकाऱ्याच्या सहीने व्हावा. मी त्या खुर्चीत असतो तर ही जबाबदारी टाळण्याची चार कारणे मलाही सुचली असती, म्हणून सहीचा आग्रह.

नोव्हेंबर 2021 मध्ये, साथ ओसरत असताना, पूर्वी माझ्या हाताखाली शिकलेल्या एका अधिकाऱ्याच्या आग्रहावरून मी पश्चिम उत्तर प्रदेशातील काही गावे पाहिली. एका गावातल्या आशा कार्यकर्तीने आपली नोंदवही दाखवली. नाव, वय, घर क्रमांक, ताप आहे की नाही, मलेरियाची तपासणी, नमुना घेतला की नाही, असे छापील रकाने. पाच वर्षांच्या एका मुलीच्या नावापुढे तीन दिवस ‘आहे’ आणि चौथ्या दिवशी ‘नाही’ लिहिलेले होते. ‘नाही’ आले की घर यादीतून उतरते, म्हणून पाचव्या दिवशी ती त्या घरी गेली नव्हती. मुलगी सहाव्या दिवशी पहाटे गेली. नियमाप्रमाणे या कार्यकर्तीची काहीही चूक नव्हती आणि तसे मी तिला म्हणालोही. तिने उत्तर दिले नाही. वहीची पुढची पाने उलटली. तिथून पुढे प्रत्येक पानावर उजव्या कडेला तिने पट्टीने एक जादा रकाना आखला होता आणि वर निळ्या शाईने ‘ताप उतरल्याची तारीख’ असे लिहून खाली तीन बारीक चौकोन काढले होते. हा रकाना वर कळवता का, असे मी विचारले. मासिक अहवालाच्या नमुन्यात त्याला जागा नाही, असे ती म्हणाली.